हौशी धावपटूंसाठी कॉम्प्रेशन मोजे: धावताना, धावून झाल्यावर आणि परतीच्या गाडीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३, बँकेत नोकरी, चार वर्षांपासून नागपुरात अंबाझरी आणि फुटाळा परिसरात आठवड्यातून चार दिवस धावणे. मागच्या हाफ मॅरेथॉनला २ तास ८ मिनिटे लागली आणि सोळाव्या किलोमीटरनंतर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सरावातील सर्वांत लांब धाव १४ किलोमीटरची होती. आपल्या गटातील बहुतेक जण गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे, म्हणजे पायाला आवळून दाब देणारे मोजे, घालतात. तेव्हा साडेतीन हजार रुपयांचा जोड घेतल्यास जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पूर्ण करता येईल का, गोळे थांबतील का, आणि आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयातून मिळालेले पांढरे स्टॉकिंग्ज कपाटात पडून आहेत, ते चालतील का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि तिसऱ्याचे ‘मुळीच नाही’. तरीही हे पैसे पाण्यात जातील असे मी म्हणणार नाही. हे मोजे ज्या कामासाठी विकले जातात, त्यात त्यांचा फारसा हातभार लागत नाही. पण धावून झाल्यानंतरच्या काही तासांत आणि लांबच्या प्रवासात त्यांचा उपयोग होऊ शकतो. धंतोलीतील माझ्या दवाखान्यात गेली वीसेक वर्षे धावपटूंचे पाय तपासताना या मोज्यांविषयीचे माझे मत दोन-तीनदा बदलले आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देते.

मूळ कल्पना धावण्यासाठी नव्हतीच. कॉनराड जॉब्स्ट हा जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला अभियंता स्वतः पायांच्या शिरांच्या विकाराने बेजार होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पाय हलके वाटतात, हे त्याच्या लक्षात आले. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, त्यामुळे तळपायाशी तो सर्वाधिक आणि वर येताना कमी कमी होत जातो. हाच चढउतार कापडातून साधण्याचा प्रयत्न त्याने १९५० च्या सुमारास केला आणि घोट्याशी घट्ट, गुडघ्याकडे सैल होत जाणारे मोजे तयार झाले. पुढची अनेक वर्षे ते व्हेरिकोज व्हेन्सच्या (पायांच्या फुगलेल्या शिरांच्या) रुग्णांच्याच पायांत होते. पॉला रॅडक्लिफ, जिने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, तिच्यासारख्या धावपटू गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून शर्यतीत दिसू लागल्यावर हौशी धावपटूंचे लक्ष तिकडे गेले. ती त्या मोज्यांमुळे वेगवान होती, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

या मोज्यांचा दाब रक्तदाबाप्रमाणेच मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. मनुष्य स्थिर उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतील दाब ८० ते १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचे सगळे वजन तिथे येते. तो चालू लागला की पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला आवळतात, खोल शिरांतील रक्त वर ढकलतात, शिरांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत, आणि काही पावलांतच हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यासाठीच. धावताना तर पोटरीच्या खोल स्नायूंमध्ये आकुंचनाच्या क्षणी १०० मिलिमीटरच्याही पुढचा दाब तयार होतो. आता बाहेरून २० मिलिमीटरचा दाब देणारा मोजा या चालू पंपात कितीशी भर घालणार? ज्याचा पंप बंद आहे, म्हणजे जो तासन् तास खुर्चीत बसला आहे किंवा काउंटरमागे उभा आहे, त्याला मोज्याची मदत होते. ज्याचा पंप मिनिटाला दीडशेहून अधिक पावलांच्या गतीने चालला आहे, त्याला ती जवळपास लागतच नाही. हा एक मुद्दा ध्यानात ठेवला की पुढची बहुतेक संशोधने आपोआप उलगडतात.

आता ती संशोधने. मोज्यांच्या बाजूने सर्वाधिक उल्लेख होतो तो जर्मनीतील एर्लांगेन येथील केम्लर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगाचा. मध्यम सराव असलेले २१ पुरुष ट्रेडमिलवर, वेग टप्प्याटप्प्याने वाढवत, थकून थांबेपर्यंत धावले; एकदा साध्या मोज्यांत, एकदा कॉम्प्रेशन मोज्यांत. साध्या मोज्यांत ते सरासरी ३५.०३ मिनिटे टिकले आणि कॉम्प्रेशन मोज्यांत ३६.४४ मिनिटे. हा फरक खरा आहे, पण तो नेमका कशातील आहे हे पाहायला हवे. वेग वाढत जाणाऱ्या चाचणीत दीड मिनिट अधिक टिकणे आणि २१.१ किलोमीटरचे अंतर लवकर कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आपल्या पायांत कोणता मोजा आहे हे धावणाऱ्याला स्पष्ट कळत होते. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. पोटरीला आवळणारा मोजा आवळत नाही असे कोणाला पटवणार?

न्यूझीलंडमधील अली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला अधिक उद्बोधक वाटतो. त्यांनी स्पर्धात्मक धावपटूंना १० किलोमीटर धावायला लावले आणि मोज्यांच्या दाबाच्या चार पातळ्या तपासल्या: दाब नसलेला, १२ ते १५, १८ ते २१ आणि २३ ते ३२ मिलिमीटर. धावण्याच्या वेळेत फरक पडला नाही. मात्र कमी आणि मध्यम दाबाच्या मोज्यांनंतर धावपटूंची उभी उडी तुलनेने चांगली राहिली, म्हणजे पायांतील जोर थोडा अधिक टिकला. सर्वांत घट्ट मोजा धावपटूंना सर्वांत त्रासदायक वाटला. दाब जास्त तितका फायदा जास्त, हा दुकानात हमखास ऐकू येणारा समज यात टिकत नाही.

एंगेल, होल्मबर्ग आणि श्पेर्लिख यांनी २०१६ मध्ये धावपटूंवरील ३२ अभ्यास एकत्र मांडले. ४०० मीटरपासून हाफ मॅरेथॉनपर्यंतच्या वेळांवर, कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेवर किंवा रक्तातील लॅक्टेटवर (जोराच्या श्रमात स्नायूंतून रक्तात येणाऱ्या द्रव्यावर) लक्षणीय परिणाम त्यांना आढळला नाही. दमून थांबेपर्यंतचा अवधी आणि प्राणवायूच्या वापरातील काटकसर यांवर लहानसा अनुकूल परिणाम दिसला आणि धावल्यानंतरच्या स्नायूंच्या दुखण्यात त्याहून बरा फायदा दिसला. म्हणजे तराजूचा काटा ‘धावताना’कडून ‘धावून झाल्यावर’कडे झुकतो.

विक्रेत्यांचा आणखी एक दावा असतो, की मोज्यामुळे स्नायूंची थरथर कमी होते आणि म्हणून थकवा कमी येतो. यातील पहिला भाग बरोबर आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात कॉम्प्रेशन टाइट्सवर (पायांना आवळून बसणाऱ्या लांब चड्ड्यांवर) झालेल्या आणि २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या अभ्यासात थरथर खरोखरच कमी झाली; पण अर्ध्या तासाच्या धावण्यानंतर पायांची ताकद आणि उडी मोजली तेव्हा टाइट्स घातलेल्या आणि न घातलेल्या दिवसांत फरक नव्हता. विशेष म्हणजे या अभ्यासाला पैसा क्रीडासाहित्य बनवणाऱ्या नायके कंपनीनेच पुरवला होता. थरथर आणि थकवा यांचे नाते जितके सरळ सांगितले जाते तितके ते नाही.

याचा अर्थ आपल्या गटातील मंडळी खोटे बोलत आहेत असा नाही. २०१५ च्या एका अभ्यासात पोटरीवरच्या स्लीव्ह्जचा (पाऊल मोकळे ठेवणाऱ्या, फक्त पोटरीपुरत्या पट्ट्यांचा) प्राणवायूच्या वापरावर सरासरी काहीच परिणाम दिसला नाही, पण व्यक्तीव्यक्तींत फरक होता, आणि ज्यांचा या वस्तूवर विश्वास अधिक होता त्यांच्यात फायदा दिसण्याकडे कल होता. श्रद्धेचा हा परिणाम मी हलका मानत नाही. अठराव्या किलोमीटरला ज्याला आपले पाय सांभाळले जात आहेत असे वाटते, तो थोडा धीराने धावतो. फक्त त्या धीराची किंमत साडेतीन हजार रुपये द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या बाबतीत गणित सोपे आहे. २ तास ८ मिनिटे म्हणजे किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे ४ सेकंद. दोन तासांच्या आत यायचे तर ५ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास धावावे लागेल. सव्वासहा टक्क्यांची ही सुधारणा कोणताही मोजा देणार नाही. ती मिळण्याची जागा दुसरीकडे आहे, आणि ती आपल्याच प्रश्नात लिहिलेली आहे: सरावात १४ किलोमीटर आणि सोळाव्याला गोळे. धावताना येणाऱ्या गोळ्यांचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला पायात वांब येणे म्हणतात त्याचे, सर्वांत मोठे कारण सवयीपलीकडचा थकवा हे आहे. ज्या अंतराची आणि ज्या वेगाची पोटरीला ओळख नाही, तिथे तिच्यातील चेतांचे नियंत्रण बिघडते आणि स्नायू आवळून बसतो. मिठाची गोळी, केळे, लिंबूपाणी यांची आपापली जागा असेल, पण १४ वरून २१ वर उडी मारल्याची भरपाई त्यांपैकी कशानेच होत नाही. जानेवारीपूर्वी लांब धाव हळूहळू १८ ते २० किलोमीटरपर्यंत न्या, आणि त्यातील शेवटचे तीन-चार किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावा.

त्याच्या जोडीला पोटरीची ताकद. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभे राहून टाच पूर्ण वर उचलायची आणि सावकाश खाली सोडायची. भिंतीला बोट टेकवलेले चालेल, भार टाकलेला नाही. चाळिशीतील निरोगी व्यक्तीला एका दमात २० ते २५ वेळा हे जमावे, अशी माझी अपेक्षा असते; दवाखान्यात मात्र मॅरेथॉनची पदके गळ्यात घातलेली मंडळी बारा-पंधराला थरथरू लागतात आणि मग टाच अर्धीच उचलतात. हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करावा, कारण पोटरीतील खालचा, रुंद स्नायू तेव्हा अधिक काम करतो आणि लांब धावण्यात मुख्य ओझे त्याच्यावरच असते. एक दिवसाआड, दोन महिने. याला खर्च नाही, म्हणून बहुधा याची जाहिरातही नाही.

मोज्यांची खरी बाजू धावणे संपल्यावर सुरू होते. ऑस्ट्रेलियातील आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३३ धावपटूंना मॅरेथॉननंतर ४८ तास मोजे घालायला दिले. काहींना खरे कॉम्प्रेशनचे, काहींना दिसायला तसेच पण दाब न देणारे. मॅरेथॉनच्या आधी आणि नंतर दोन आठवड्यांनी ट्रेडमिलवर थकेपर्यंत धावण्याची चाचणी झाली. खरे मोजे घातलेल्यांचा टिकण्याचा वेळ २.६ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गटाचा ३.४ टक्क्यांनी घटला. प्रयोग लहान आहे, पण त्यात दाब नसलेल्या मोज्यांचा गट होता, म्हणून मी त्याला वजन देते. उलट, अमेरिकेतील हार्टफोर्ड मॅरेथॉनमध्ये धावतानाच मोजे घातलेल्या धावपटूंच्या रक्तात स्नायूंची झीज दाखवणाऱ्या क्रिएटिन कायनेजचे प्रमाण साध्या मोजेवाल्यांइतकेच वाढले. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की माझा सल्ला कशावर उभा आहे ते कळेल: जोड घ्यायचाच असेल तर तो शर्यतीच्या पिशवीत, अंतिम रेषेनंतरसाठी ठेवावा. पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून घालावा आणि तो दिवस व दुसरा दिवस जागेपणी वापरावा. मी रात्री झोपताना काढायला सांगते, कारण आडवे झाल्यावर घोट्याच्या शिरेतील दाब तसाही अगदी थोडा राहतो.

आणि मुंबईहून परतीचा प्रवास. हा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण नागपूरच्या धावपटूसाठी मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सकाळी २१ किंवा ४२ किलोमीटर धावून, शरीरातील पाणी कमी झालेले, स्नायू सुजलेले, अशा स्थितीत मंडळी त्याच संध्याकाळी आठशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासाला निघतात आणि अकरा-बारा तास, कधी त्याहून अधिक, पाय लोंबकळत किंवा दुमडून बसतात. स्थिर बसलेल्या पायात रक्त साकळते आणि खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे घातल्याने लक्षणे न दाखवणाऱ्या अशा गाठी लक्षणीयरीत्या कमी होतात, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात पुरेशा खात्रीने दिसले आहे. ती निरीक्षणे विमानातील आहेत आणि रेल्वेसाठी मी ती अनुमानाने लागू करते; पण बंद पडलेला पंप विमानात आणि डब्यात सारखाच बंद असतो. या प्रवासासाठी घोट्याशी १५ ते ३० मिलिमीटरच्या टप्प्यातील मोजे पुरतात. फक्त पोटरीपुरत्या स्लीव्ह्ज इथे वापरू नयेत, कारण वर आवळलेले आणि खाली मोकळे राहिले की पाऊल आणि घोटा सुजतो.

आता मापाविषयी, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक इथल्याच असतात. लाप्लासचा नियम शाळेत साबणाच्या फुग्याबरोबर शिकवतात: ताण तोच असेल तर वक्राकार पृष्ठभागाखालचा दाब त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आपल्या घोट्याचा घेर २३ सेंटिमीटर आणि पोटरीचा ३८ असेल, आणि कापडाचा ताण दोन्हीकडे सारखा असेल, तर घोट्याशी २० मिलिमीटर दाब असताना पोटरीवर तो १२ च्या आसपास राहतो. म्हणजे चढउतार पायाच्या आकारातच काहीसा दडलेला आहे. पण पोटरी त्या मोज्यासाठी फारच भरदार असली तर कापड तिथे अधिक ताणले जाते, ताण वाढतो आणि हा चढउतार पुसला जातो, प्रसंगी उलटाही होतो: वर जास्त दाब आणि खाली कमी. बुटाच्या नंबरावरून मोजे विकले जातात तेव्हा नेमके हेच घडते. मी स्वतः एकदा बुटाच्या नंबरावरून घरपोच मागवलेला जोड फुटाळ्यावर घालून गेले होते. पाचव्या किलोमीटरला बोटांना मुंग्या आल्या, आणि घरी येऊन मोजा उतरवला तर गुडघ्याखाली दोराने बांधल्यासारखा लाल वळ उमटलेला. परत करायला गेले तर विक्रेत्याने ‘वापरलेला माल’ म्हणून हात झटकले, आणि त्याचे चुकलेही नव्हते.

मापे सकाळी उठल्याबरोबर, पाय सुजण्याआधी घ्यावीत. शिंप्याची साधी मापपट्टी पुरते. घोट्याच्या हाडांच्या जरा वर, जिथे पाय सर्वांत बारीक आहे तिथला घेर. पोटरी सर्वांत जाड आहे तिथला घेर. आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची मापे घ्या, कारण एक-दीड सेंटिमीटरचा फरक नेहमीचा असतो. पट्टी त्वचेला टेकावी, रुतू नये. खोक्यावर घेरांचा तक्ता आणि मिलिमीटर पाऱ्यातील आकडा दोन्ही छापलेले नसतील तर तो मोजा घेऊ नये, मग त्याचा रंग कितीही झळझळीत असो. खोक्यावर निव्वळ ‘क्लास १’ लिहिले असेल तर तेही पुरेसे नाही, कारण ब्रिटिश पद्धतीत क्लास १ म्हणजे १४ ते १७ मिलिमीटर आणि जर्मन पद्धतीत १८ ते २१.

घालण्याचीही एक रीत आहे. मोजा टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल आत सरकवावे, टाचेचा खोलगट भाग बरोबर टाचेवर बसला की मग तळव्यांनी थोडे थोडे वर सरकवत न्यावे. वरच्या काठाला धरून खेचू नये. तसे केले की कापड गुडघ्याखाली गोळा होते आणि नको तिथे आवळपट्टी तयार होते. काठ जास्तीचा उरला तर दुमडूही नये, दुमडलेल्या ठिकाणी दाब दुप्पट होतो. पाय घामेजलेला असेल तर पावलावर एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून त्यावरून मोजा ओढावा आणि मग बोटांकडच्या उघड्या भागातून पिशवी काढून घ्यावी. बंद बोटांच्या मोज्यांना ही युक्ती चालत नाही; तिथे घरकामाचे रबरी हातमोजे वापरावेत.

आपल्या आईचे पांढरे स्टॉकिंग्ज. ते शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी बनवलेले असतात. आडव्या पायात शिरेतील दाब मुळातच कमी असतो, त्या हिशेबाने त्यांचा दाब आणि विण ठरवलेली असते. चालत्या-धावत्या पायासाठी ते नाहीत. शिवाय ते त्यांच्या मापाने दिलेले आहेत आणि कपाटात पडून रबराचा ताणही गेलेला असेल. ते वापरू नयेत, कोणाला देऊही नयेत.

काही लोकांनी तपासणीशिवाय हे मोजे घालूच नयेत. ज्यांच्या पायांच्या धमन्यांत अडथळा आहे, त्यांच्या पावलापर्यंत आधीच अपुरे रक्त पोहोचत असते आणि वरून आवळले तर ते आणखी घटते. आपल्या भागात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आणि बिडी-सिगारेटचे प्रमाण पाहता हे मी मुद्दाम लिहिते: ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबले की दोन-तीन मिनिटांत बरे वाटते, असे होत असेल तर आधी पावलावरील नाडी तपासून घ्यावी. मधुमेहामुळे तळपायांची जाणीव कमी झालेल्यांना मोजा रुतला तरी कळत नाही, आणि असे धावपटू सकाळच्या गटांत आपल्याला वाटतात त्यापेक्षा अधिक असतात. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर मोजा घालायचा नाही, चोळायचे नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. दर धावण्यात ठरावीक अंतरालाच पोटरी दगडासारखी ताठरून बोटे बधिर होत असतील, तर स्नायूंच्या आवरणातील दाब वाढण्याचा विकार असू शकतो. अशा पायाला बाहेरून आणखी आवळणे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखे आहे. नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल इतक्या एकाच जागी दुखत असेल, तर तिथे हाडाची बारीक चीर शोधावी लागते.

उन्हाळ्याचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. या मोज्यांखाली त्वचेचे तापमान वाढते, आणि पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या शहरात शरीराला घाम वाळवण्यासाठी मिळेल तेवढी त्वचा मोकळी हवी असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहाटे पाच वाजताही जमीन रात्रीची उष्णता सोडत असते. एप्रिलपासून पहिला पाऊस पडेपर्यंत धावताना हे मोजे घालू नयेत, असेच मी सांगते. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पायाला ऊब म्हणून कोणी घातले तर माझी हरकत नाही. मात्र मुंबईचे जानेवारीतील दमट हवामान नागपूरच्या थंडीसारखे नसते, इथे सुखावणारा मोजा तिथे बाराव्या किलोमीटरला नकोसा होऊ शकतो.

एवढे वाचूनही धावताना घालून पाहायचेच असतील, तर निदान स्वतःवर नीट प्रयोग करा. एकच सपाट मार्ग निवडा, सेमिनरी हिल्सचा चढ नको. सहा किलोमीटर, पहाटेची एकच वेळ, आदल्या दिवशी विश्रांती. निघण्यापूर्वी नाणे उडवून ठरवा, आज साधे की कॉम्प्रेशनचे. हृदयाचे ठोके एका ठरावीक पातळीवर राखून धावा आणि किती वेळ लागला ते लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरीचे दुखणे शून्य ते दहामध्ये लिहा. दोन्ही प्रकारांच्या निदान पाच-पाच धावा झाल्याशिवाय वही उघडून बेरीज करू नका. कोणतेही मोजे न बदलता रोजच्या वेळेत होणारा चढउतारच इतका असतो की एका छान सकाळी मिळालेली पंधरा सेकंदे काहीच सिद्ध करत नाहीत. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ही वही ठेवली, त्यांच्यापैकी बहुतेकांना वेळेत काही सापडले नाही. दुखण्याच्या रकान्यात काहींना एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक दिसला.

आपल्या जागी मी असते तर आत्ता काहीच खरेदी केली नसती. लांब धाव आणि पायरीवरचा व्यायाम आजपासून सुरू केला असता, आणि डिसेंबरात, मापे घेऊन, १८ ते २१ मिलिमीटरचा साधा वैद्यकीय जोड घेतला असता. धावपटूंसाठी म्हणून विकला जाणाराच हवा असे नाही. धंतोली किंवा सीताबर्डीतील सर्जिकल साहित्याच्या दुकानांत तो मिळतो. एकदा एखाद्या रविवारी लांब धाव झाल्यावर दुपारभर घालून पाहिला असता, म्हणजे मुंबईत नवा प्रयोग होत नाही. कोमट पाण्यात, साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, कापड मऊ करणारे द्रव वापरू नका आणि गच्चीवरच्या उन्हात वाळत घालू नका. आपल्या उन्हाने त्यातील लवचिक धागा लवकर मरतो. रोज वापरला तर सहा महिन्यांत ताण उतरतो. तुमच्यासारख्या अधूनमधूनच्या वापरात अधिक काळ टिकेल, पण घालताना पूर्वीइतके श्रम पडत नाहीत असे वाटले की तो संपला असे समजा. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी तो घाला, आणि तरीही दर तासाभराने उठून डब्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारा. झोप लागेपर्यंत बर्थवर पडल्या पडल्या पावले वरखाली हलवत राहा.